पिशव्यांचं बाळंतपण

तोमासा आत्या कुणाशी भांडून डोंगरावर जात नाही. अळंबीला राग कळतो, असं ती म्हणते. रागावलेल्या माणसाचं पाऊल वाजलं की ती पाल्यात तोंड लपवते आणि त्या माणसाला दिवसभर नुसते दगड दिसतात. त्यामुळे अळंबीच्या दिवसांत आमच्या गल्लीत रोज सकाळी एक ठरलेला प्रकार चालायचा. आत्या पाठीला टोपली बांधून दारात उभी, नाबोर आतोबा आत रुसून बसलेले, आणि ती बाहेरून समजूत घालतेय. समजूत म्हणजे काय, तर "चुकलं माझं. आता तुम्हीही म्हणा, म्हणजे निघता येईल." तेही पुटपुटत म्हणायचे. मग दोघं मालिंत्सी डोंगराच्या वाटेला लागायची. मक्याचं शेवटचं शेत येईपर्यंत पुन्हा काहीतरी बिनसलेलं असायचं, की ओयामेलच्या पहिल्या झाडाखाली थांबून नव्याने माफी.

आमचं घर तिच्या घराला लागून आहे. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे कुणी शिंकलं तर आम्ही इकडून 'देव भलं करो' म्हणतो. म्हणून हे जे सांगतेय त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय, उरलेलं भिंतीतून ऐकलंय.

आत्याची एक सवय म्हणजे झाकणं. अळंबी उपटली की त्या जागी ती पाला ओढते आणि वर हाताने थापटते. उघडं राहिलं तर डोंगराला सर्दी होते. घरात मक्याचा उंडा झाकलेला, कोंबडीची पिल्लं झाकलेली, रेडिओवरसुद्धा विणलेलं फडकं. आतोबा म्हणतात, लग्नाच्या पहिल्या रात्री तिने त्यांच्यावर इतकी पांघरुणं घातली, की त्यांना वाटलं आपल्याला पुरतेय.

शनिवारी त्लास्कालाच्या बाजारात ती अळंबीचे वाटे मांडते. आमच्याकडे अळंब्यांना आपापली नावं आहेत, बलक, झाडू, खिळे, पोटली. शहरातल्या बायका ती ऐकून हसतात आणि विकत घेतात. आत्याच्या शेजारी एर्मेलिंदा बसते. आत्याच्या मुलीची, देल्फिनाची, ती धर्ममाता. आत्याची लहानपणापासूनची मैत्रीण आणि तितकीच जुनी डोकेदुखी. काही वर्षांपूर्वी एर्मेलिंदाने घरातच पिशव्यांमध्ये धिंगरी अळंबी पिकवायला घेतली. पाऊस असो नसो, तिच्या टोपल्या राखाडी पंख्यांनी भरलेल्या. आत्याला ते बघवत नव्हतं. गिऱ्हाईक तिकडे वळलं की ती हवेत बोलल्यासारखी म्हणायची, "न्या, न्या. उशीत भरायला बरी पडतात." एर्मेलिंदा तितक्याच गोडीने सांगायची, "तोमासाबाईंच्याही घ्या हो. आतल्या अळ्या फुकट देतात त्या."

गेल्या वर्षी संत बार्तोलोच्या सणाचा मान नाबोर आतोबांकडे आला. सणाच्या दिवशी टर्कीचा मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, असतो, तो कुणी लक्षात ठेवत नाही, कारण दरवर्षी तो तसाच असतो. खरी परीक्षा आदल्या दिवसाची. त्या दिवशी मांस शिजत नाही. मानाच्या घराने सगळ्या गावाला अळंबीचं हिरवं कालवण आणि निळ्या मक्याच्या भाकऱ्या वाढायच्या. कुणाच्या घरी कालवण अर्ध्या पंगतीला संपलं, हे लोक नातवंडांना सांगतात. मान घेताना आत्या देवळाच्या ओसरीवर उभी राहून म्हणाली होती, की अळंबी डोंगराची असेल आणि दुसऱ्यांदा वाढताना तिचा डाव हलका होणार नाही. तिने नसतं म्हटलं तरी लोकांनी तेच धरलं असतं. गावाची अळंबीवाली ती. तिच्या पंगतीत अळंबी कमी पडते म्हणजे काय.

आणि नेमका त्याच वर्षी डोंगर कोरडा राहिला. ढग यायचे, मालिंत्सीच्या डोक्याला शिवून पलीकडे पुएब्लाकडे निघून जायचे.

देल्फिनाने ते आधीच ओळखलं होतं. तिचा नवरा पुएब्लात मोटारीच्या कारखान्यात असतो, रविवारपुरता येतो, म्हणून बाळंतपणाला ती माहेरीच होती. जुलैच्या मध्यावर, पोट सांभाळत, तिने लोखंडी पिंपात पाणी तापवून जवाचं काड शिजवलं, निथळून गार केलं, आणि धर्ममातेकडून आणलेलं बियाणं थराथराने घालत पिशव्या भरल्या. तीसेक पिशव्या. मागच्या खोलीत आढ्याला टांगायच्या. सणाला कमी पडलं तर हाताशी असू देत, एवढंच ती म्हणाली. आत्याने सांगितलं की हे घर अजून तेवढं गरीब झालेलं नाही. पण पिशव्या टांगल्या तिनेच, कारण पोटुशी पोर हात वर करतेय हे तिला बघवेना.

आठवडा झाला नसेल, तोच देल्फिनाला कळा आल्या. मुलगी झाली. दिवस भरण्याआधी आलेली, मुठीएवढी, पण आवाज असा की भिंतीतून आम्हाला वाटलं आमच्याच घरात झाली. सुईणबाईने दगडी घुमटीत वाफेचं स्नान घातलं, पोट बांधलं आणि नेहमीची तंबी दिली. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, वारं लागू द्यायचं नाही.

देल्फिनाची खाट होती मधल्या खोलीत, आणि मागची खोली तिच्या पलीकडे, मध्ये फक्त पडदा. आता पिशव्यांचं बघणार कोण? देल्फिनाने खाटेवरून आईला समजावलं, की त्यांना तान्ह्या बाळासारखं जपायचं. अंधार आणि ऊब. काड पांढरं पडलं की मला सांग, मग पुढचं सांगते.

आत्याने पहिलं वाक्य ऐकलं आणि तिचं तिथेच समाधान झालं. तान्ह्या बाळाचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

खिडकीवर घोंगडी आली. फटींमध्ये चिंध्यांचे बोळे आले. अंगणाकडच्या दाराखाली पोतं. प्रत्येक पिशवीच्या गळ्याशी लाल लोकरीचा दोरा, दृष्ट लागू नये म्हणून. मागच्या खोलीत उपाशी माणसाने जायचं नाही, पुल्केची दारू प्यालेल्याने जायचं नाही, उन्हातून आलेल्याने थोडं बसून अंग निवल्यावरच जायचं. त्याच खोलीत मक्याची कणसं होती, तेव्हा आतोबांना कोंबड्यांना दाणे घालायचे तरी आधी परवानगी. एर्मेलिंदा बाळ बघायला आली. तिला बाळ मांडीवर मिळालं, पण पडद्याकडे बघितल्यावर आत्या मध्ये उभी राहिली.

"बाळ बघ हवं तर. पिशव्या नको. तुझी नजर जड आहे, त्यात तू त्याच धंद्यातली."

एर्मेलिंदा हसली. बियाणं कुणाचं आहे, हे तिने बोलून दाखवलं नाही.

मग हळूहळू आत्याचं काहीतरी बदलायला लागलं. आधी ती पिशव्यांकडे कर्तव्य म्हणून जायची. आता जेवण झाल्यावर सहज म्हणून जायला लागली. काडावर पांढरी जाळी पसरू लागली तसं ती आम्हाला रोज बातमी द्यायची. कोपऱ्यातली हट्टी आहे, दारापाशी आहे ती भुकेली दिसते. एक दिवस ती ओलसर डोळ्यांनी बाहेर आली आणि म्हणाली, सगळ्यांनी बाळसं धरलंय. देल्फिना खाटेवर उठून बसली.

"आई, मग आता खिडकी उघड. आता त्यांना हवा पाहिजे, उजेड पाहिजे."

"हवा." आत्याने तो शब्द ताटात केस सापडावा तसा उचलून धरला. "तुला हवा लागली तर दूध आटेल. त्यांचं काय आटेल ते ठाऊक आहे तुला?"

"त्या बाळंतीण नाहीत, आई."

"तूच म्हणालीस ना तान्ही म्हणून? तान्ह्याला सव्वा महिना कुणी बाहेर काढत नाही. तुलाही नाही, त्यांनाही नाही."

"सव्वा महिन्यात सण होऊन जाईल."

"मग डोंगर आहे," आत्या म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.

देल्फिनाने एकदा स्वतः उठून खिडकीपर्यंत जायचा प्रयत्न केला. पकडली गेली, आणि तिच्यावर एक पांघरूण वाढलं. मग तिने मला पाठवलं. मी चिंधीच्या पहिल्या बोळ्याला हात घालतेय तोवर आत्या मागे उभी. मला कणसं सोलायला बसवलं, संध्याकाळपर्यंत.

अडचण एवढीच झाली की आत्या आता मुलीशी भांडून डोंगरावर जात होती. टोपली रिकामी यायची. पाऊस नाही म्हणून, असं आतोबा म्हणायचे. आत्या म्हणायची, देल्फिनाच्या रागामुळे. म्हणून निघण्याआधी ती पडद्यापाशी येऊन उभी राहायची.

"मी चाललेय. तू रागावली आहेस का माझ्यावर?"

"हो."

"नको रागावूस. मला उशीर होतोय."

"खिडकी उघड, मग नाही रागावत."

"तू आधी नको रागावूस, मग बघू."

अशी अर्धवट समजूत घेऊन ती जायची आणि अर्धवटच टोपली घेऊन यायची. खिळे मिळायचे मूठभर, एखादी पोटली, तीही किडलेली. बलक तर दिसलेच नाहीत. जे मिळेल ते ती दोऱ्यात ओवून चुलीवर वाळत टाकत होती. चुलीवरची ती माळ बघून कुणीही सांगितलं असतं, की यात एका घराचं जेवण होईल, गावाचं नाही. आत्या कोंबड्यांवर ओरडेनाशी झाली. ते आम्हा सगळ्यांनाच जड जायला लागलं.

सणाच्या दोन आठवडे आधी बाजारात एर्मेलिंदाने जवळ सरकून हळूच सांगितलं, की सणाला लागतील तेवढ्या टोपल्या ती पाठवेल, मागच्या दाराने, कुणाला कळणार नाही. टोमणा असता तर आत्याने परतवला असता. पण हे खरंच प्रेमाने म्हटलेलं होतं. आत्या म्हणाली, "मी गावाला निवडुंगाची भाजी वाढीन," आणि राहिलेला माल न विकताच फडकं गुंडाळलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. बाहेर डोंगर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. मी देल्फिनापाशी बाळाला घेऊन बसले होते. आतून तिने मला हाक मारली, बत्ती घेऊन ये म्हणाली.

पिशव्यांना देल्फिनाने बारीक भोकं पाडून ठेवलेली होती. त्या भोकांतून माना आल्या होत्या. अळंबी नाही म्हणता येणार, मानाच. बोटाएवढ्या लांब, सुतळीसारख्या बारीक, वाकड्यातिकड्या, आणि टोकाला टोपीच्या जागी टाचणीचं डोकं. खोलीतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. खिडकीच्या कोपऱ्यात एक बोळा सैल झाला होता, तिथून उजेडाची रेघ आत येत होती.

आत्या उपड्या बादलीवर बसली होती.

"हे मी पाहिलंय," ती म्हणाली. "ओयामेलचं मोठं खोड पडतं ना, त्याच्या पोटाखाली. वरून पाला, बाजूने माती. तिथली अळंबी अशीच मान काढते, वारा येतो तिकडे. ती वाढतच नाही. मी कधी तोडली नाही ती, दया येते."

मी बत्ती जवळ धरली. पडद्यापलीकडे देल्फिनाची खाट करकरली, ती कान देऊन होती.

"मीच पाला टाकलाय यांच्यावर," आत्या म्हणाली.

मग ती उठली आणि घोंगडी दोन्ही हातांनी ओढली. खिळ्यासकट आली. बोळे काढले, दाराखालचं पोतं लाथेने सरकवलं. सकाळचा गार वारा खोलीतून घुसला, पडदा उडाला आणि देल्फिना दिसली. तीन पांघरुणांखाली, कपाळ घामाने भिजलेलं, आणि उशीवरून मान उचलून ती त्या वाऱ्याकडे ताणून धरलेली, तोंड उघडं.

आत्याने पिशव्यांकडे बघितलं. पुन्हा देल्फिनाकडे बघितलं. आणि तिला हसू फुटलं. पोट धरून, खाटेचा कठडा पकडून ती हसत होती. देल्फिनाला आधी कळेना, मग तीही हसायला लागली, बाळ जागं होऊन रडायला लागलं.

"ऊठ," आत्या डोळे पुसत म्हणाली. "अंगणात जाऊन बस. डोक्याला रुमाल बांध, कानावरून. आणि सुईणबाई आली तर मी घरात नव्हते."

त्या दिवसापासून देल्फिना अंगणात खुर्ची टाकून बसली आणि तिथून हुकूम सोडायला लागली. माना सगळ्या कापून टाकल्या. पिशव्यांना पात्याने फुल्या मारल्या. भिंतींवर ओली पोती टांगली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आत्या मुकाट्याने सगळं करत होती. फक्त पाणी शिंपडायला तिने पंप घेतला नाही, रोज ताज्या पाल्याची जुडी बुडवून शिंपडायची, अंगावरची पीडा काढतात तशी. त्याला देल्फिनाची हरकत नव्हती.

सणाला दोन आठवडेही उरले नव्हते, आणि पहिले काही दिवस काहीच झालं नाही. आत्या सकाळी बादलीवर जाऊन बसायची. आतोबांनी निवडुंगाची पानं कुठे स्वस्त मिळतील याची चौकशी सुरू केली आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. देल्फिनाचाही धीर सुटत चालला होता. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, की गुदमरून त्यांची ताकद तर गेली नसेल? आई ऐकतेय हे तिच्या लक्षात नव्हतं. आत्या चुलीपाशी पाठमोरी उभी होती, ती तशीच राहिली.

मग एका सकाळी आमच्या भिंतीवर डाव आपटल्याचा आवाज आला. मी आणि माझी आई धावत गेलो. फुल्यांच्या कडांवर मोहरी सांडल्यासारखे करडे दाणे दिसत होते. दुपारी ते मसुराएवढे झाले. दुसऱ्या दिवशी गुच्छ, तिसऱ्या दिवशी मुठी. नंतर ते इतक्या झपाट्याने उलगडायला लागले की आत्या म्हणाली, कान दिला तर आवाज येईल. तीन पिशव्या बुरशीने हिरव्या पडल्या, त्या शेताच्या टोकाला नेऊन पुरल्या. बाकीच्या सगळ्यांनी पंखे पसरले. राखाडी, कडा किंचित निळसर, बुंध्याशी मांसल. रुतिलियो, देल्फिनाचा नवरा, रविवारी आला तो खोलीच्या दारातच उभा राहिला आणि टोपी काढली. त्याच आठवड्यात मालिंत्सीवरही एक बरी सर निघाली. आत्या घरातल्या सगळ्यांशी, अगदी माझ्याशीसुद्धा, गोड बोलून वर गेली आणि खिळ्यांच्या दोन टोपल्या घेऊन आली.

तेवीस तारखेला अंगणात तीन दगडांवर मातीचं मोठं पातेलं चढलं. दोन कानांचं, आत मूल बसेल एवढं. हिरवी मिरची, हिरवे टोमॅटो, लसूण, एपासोतेचा पाला. खाली डोंगराची अळंबी, वर पिशव्यांची, आणि एका उकळीत सगळं एक झालं. भाकऱ्या भाजायला सहा जणी बसल्या होत्या, तरी पुरेना. गाव आलं. पहिली पंगत जेवली, दुसरी बसली. आत्याचा डाव भरूनच येत होता.

दुसऱ्या पंगतीत एर्मेलिंदा होती आणि तिच्या शेजारी देवळाचे कारभारी, म्हातारे फिलोगोनियो. एर्मेलिंदाने एक घास घेतला, चावला, थांबली. वाटीतला एक तुकडा बोटाने उचलून उजेडाला धरला. तिला कळलं, हे आत्याला दिसलं.

"कोणत्या डोंगराची गं, तोमासा?" तिने अगदी हळू विचारलं. गप्प राहायला जागा ठेवून.

आत्याने डाव पातेल्यात ठेवला.

"ओसरीवर मी डोंगराची म्हणाले होते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "त्यातली डोंगराची चार आणे आहे. बाकीची देल्फिनाची, मागच्या खोलीतली. बियाणं एर्मेलिंदाचं. मी ती अळंबी कोंडून जवळजवळ मारली होती, तरी आली. ज्याला चालत नसेल त्याने वाटी पालथी घालावी, मला राग नाही."

पंगत थांबली. कुणी वाटीत बघत होतं, कुणी फिलोगोनियोंकडे. म्हाताऱ्याने आपली वाटी उचलली, भाकरीच्या तुकड्याने तळापर्यंत पुसली, तो तुकडा खाल्ला आणि वाटी पुढे केली.

"वाढ," ते म्हणाले. "या वयात मला डोंगर चढवत नाही. मागच्या खोलीपर्यंत जमेल."

हसू उठलं आणि वाट्या पुढे यायला लागल्या. एर्मेलिंदाने तिसऱ्यांदा घेतलं. आत्याचा हात धरून विचारलं, की पंखे एवढे जाड कसे, मी इतकी वर्षं करतेय. देल्फिना अंगणाच्या कडेवरून म्हणाली, की धर्ममाते, आम्ही आधी त्यांचा गळा आवळतो.

सगळं गाव जेवलं, बँडवाले जेवले, शेजारच्या गावातून नुसते बघायला आलेलेही जेवले. मग आतोबांनी पातेलं बोटांनी वाजवून बघितलं. ते पोकळ वाजलं. आमच्याकडे सगळे तृप्त झाले आणि पातेलं रिकामं झालं, की मानाच्या घरची बाई ते पातेलं नाचवते. एका कानाला ती धरते, दुसऱ्या कानाला घरातली लेक किंवा सून. बँडने सूर धरला. देल्फिना पदर खोचत उठली, तर आत्याने तिला दोन बोटांनी खुर्चीत परत बसवलं. ओली बाळंतीण, एवढं ओझं उचलायचं नाही, सव्वा महिना अजून झालेला नाही. मग ती एका कानाला धरून उभी राहिली आणि एर्मेलिंदाकडे बघितलं.

"बघतेस काय? जेवताना तीनदा हात पुढे केलास ना?"

एर्मेलिंदाने दुसरा कान धरला. दोघी साठीच्या, दोघी बुटक्या, मधलं पातेलं त्यांच्याहून रुंद. पहिल्या फेरीत एक डावीकडे निघाली, दुसरी उजवीकडे. तुतारीवाल्याला हसू आवरेना, त्याचा सूर फाटला. दुसऱ्या फेरीत त्यांना लय सापडली आणि धूळ उडायला लागली. बँडच्या आवाजात त्या काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं, पण तोंडं दोघींचीही चालू होती, आणि आत्या मध्येच हनुवटीने एर्मेलिंदाचे पाय दाखवत होती. देल्फिना बाळाला मांडीवर घेऊन ताल धरत होती. रुतिलियोने बाळाच्या कानावर रुमाल ओढला, तर तिने तो काढून टाकला.